कॅमेऱ्यातले मामंजी

खरं सांगते, तो कॅमेरा मी पहिल्याच दिवशी दगड घालून फोडायला पायजे व्हता. पण त्या दिवशी मला त्याचं हसू आलं, अन् हसण्यातच सगळं ऱ्हाऊन गेलं.

कनेरगाव नाक्यावर आमचं मार्ट हाय. हिंगोलीहून वाशीमला जाणारी गाडी नाक्यावर थांबली की माणसं उतरून आधी चहा पितात अन् मंग आमच्याकडं येतात. दुकान माझा मोठा भाऊ विश्वंभर, आमचा दादा, सांभाळतो. अण्णा, म्हणजे माझे वडील व्यंकटराव, साखऱ्याला राहतात, शेती पाहतात. अन् मी पुनम, नाक्यावर दादाकडंच राहते. बी.कॉम. झाले, दोन-तीन सोयरिका येऊन परत गेल्या, म्हणून मला एक नंबरच्या गल्ल्यावर बसवलं. माय म्हणते, पोरी, तुझं तोंड तेवढं आवरलं असतं तर आज तू सासरच्या गल्ल्यावर बसली असतीस. आता तोंड काय काढून ठेवायची गोष्ट हाय का?

दुसऱ्या गल्ल्यावर शिवकन्यावहिनी. अण्णांच्या चुलतभावाचा पोरगा मुन्ना, त्याची ही बायको. मुन्नाचा बाप तो लहान असतानाच गेला. तो पिकअप चालवतो, दोघं नाक्यावरच खोली करून राहतात. म्हणजे ती माझी वहिनी अन् अण्णा तिचे चुलतसासरे. हे नातं ध्यानात ठेवा, पुढचा सगळा घोळ त्याच्यातूनच झाला.

वहिनीचा हात बिलावर असा चालायचा की मी बघतच ऱ्हायची. गिऱ्हाईक तिच्यासमोर कधी खोळंबलं न्हाई. पण संध्याकाळी गल्ला मिळवायला बसलं की माझा बराबर अन् तिचा कमी. रोज न्हाई, मधूनमधून. कधी दोनशे, कधी पाचशे. दादानं नियम लावले. एका गल्ल्याला एकच माणूस, चावी ज्याची त्याच्याजवळ, पर्स अन् मोबाईल मागच्या खोलीत ठेवून यायचं. एवढं करून बी पैसे कमी पडतच ऱ्हायले. मंग दादा तिच्या पगारातून कापू लागला, तरी वहिनीनं हूं केलं न्हाई का चूं केलं न्हाई. मी आसते तर दुकान डोक्यावर घेतलं आसतं. ती गप ऱ्हायली, अन् ती गप ऱ्हायली म्हणूनच दादाचा संशय वाढला. खरं माणूस आसं गप कसं बसंल, असं तो म्हणायचा.

तर दादानं वाशीमवरून कॅमेरा आणला. वाटीएवढा, पांढरा, त्याला एक हिरवा दिवा. कोणी मोबाईलवर बघत आसलं की तो दिवा लागायचा. दोन्ही गल्ले दिसतील आसा छताला बसवला अन् अण्णांच्या मोबाईलला जोडून दिला. त्याच्यातून तिकडचं माणूस इकडं बोलू बी शकत व्हतं. अण्णांना तर खेळणंच सापडलं. सकाळी दूध काढून झालं की साखऱ्याच्या ओसरीवर मोबाईल तांब्याला टेकवून बसायचे. पहिल्याच दिवशी दुकान गच्च भरलेलं आसताना छतातून अण्णांचा आवाज आला, पुने, पाय खाली घे. एका म्हातारीच्या हातातली साखर सांडली. पुढं हप्ताभर नाक्यावरची टवाळ पोरं मला बघितलं की पाय खाली घे म्हणायची.

दुसऱ्या दिवशी वहिनी आली ती डोक्यावर पदर घेऊनच. एरवी पदर खांद्याला पिन लावून बसायची. त्या दिवशी तो कपाळावर ओढलेला, दोन्ही बाजूंनी छातीपर्यंत सोडलेला. खुर्ची बाजूला सारली अन् उभ्यानंच बिलं करू लागली. मी म्हणलं, काय वहिनी, आज नवरीवाणी? तिनं मान वर केली न्हाई, नुसते डोळे छताकडं नेले.

"वर मामंजी बसलेत ना, ताई."

मी इतकी हसले की मला ठसका लागला. म्हणलं, अवो, ते यंत्र हाय. ती म्हणली, यंत्र आसंल, पण बघून तर मामंजीच ऱ्हायले ना? आता ह्याच्यावर काय बोलणार? आमच्या भावकीत सून सासऱ्यासमोर खुर्चीवर बसत न्हाई, बोडख्या डोक्यानं फिरत न्हाई, थेट बोलत तर न्हाईच न्हाई. लग्नाला सात वर्सं झाली, वहिनी अण्णांशी एक शब्द बोललेली न्हाई. काही सांगायचंच आसलं तर घरातल्या एखाद्या लेकराला सांगायची, लेकरू नसलं तर भिंतीला. अन् सासरा बी सुनेच्या तोंडाकडं बघत न्हाई, ती आली की खाकरून मान वळवतो. लेकीला मातर सगळं माफ. म्हणून एकाच कॅमेऱ्याखाली मी खुर्चीवर मांडी घालून बसायची अन् ती दिवसभर उभी.

संध्याकाळपर्यंत तिचे पाय सुजायचे. एक पाय साखरेच्या पोत्यावर, मंग दुसरा, आसं करत दिवस काढायची. मला बघवंना. अण्णांना फोन करून सांगितलं की तुमच्यापायी ती उभी राहती, तुमी बघत जाऊ नका. तर ते फुगून भाकरीच झाले. म्हणले, याला म्हणतात वळण, तू काही शिक तिच्याकडून. चावडीवर जाऊन बी सांगितलं म्हणे, की आमची सून कॅमेऱ्याचा बी मान ठेवती. मी कपाळाला हात लावला.

हे कौतुक आठ दिवस टिकलं. मंग पुन्हा गल्ला कमी आला, अन् दादा मागचं चित्रण बघत बसला. माझे हात चित्रात उन्हात ठेवल्यावाणी दिसत व्हते. वहिनीचं काहीच दिसंना. पदर दोन्ही बाजूंनी लोंबलेला, गल्ला त्याच्या खाली, हात पदराच्या आत. दादा म्हणला, ही हात काहून लपवून ऱ्हायली? मी म्हणलं, अरे बाबा, तो अण्णांचा पदर हाय, तूच कॅमेरा बसवला म्हणून आलेला. तो म्हणला, पदराआड काय बी करता येतं. अन् आमचे अण्णा, आठ दिवस मिशीला पीळ देणारे, फोनवर म्हणले की मला बी तवाच शंका आली व्हती. माझं डोकं आसं फिरलं की त्या दिवशी मी जेवले न्हाई.

दोन दिवसांनी दादानं मला मागच्या खोलीत बोलावलं अन् मोबाईल पुढं केला. चित्रात वहिनी दोन्ही हातांनी पदर पुढं धरून उभी व्हती. वरून कोणाच्या तरी हातानं घडी घातलेल्या नोटा त्याच्यात टाकल्या. वहिनीनं वाकून नमस्कार केला अन् पदरासकट हात खाली गेला. दादा म्हणला, झालं समाधान? गिऱ्हाइकाचे पैसे पदरात घेती ही.

त्या हाताच्या बोटात लाल खड्याची अंगठी व्हती. ती अंगठी अख्खं साखरा ओळखतं. रुस्तुमकाका, अण्णांचे सख्खे थोरले भाऊ. त्यांची जमीन नाक्याजवळ हाय, म्हणून त्यांची चक्कर चालूच राहती. जाताना किराणा घेऊन जातात, अन् फोनवरून पैसे पाठवणं म्हणजे त्यांना पोरखेळ वाटतो. मी दादाला सांगितलं की हे गिऱ्हाईक न्हाई, काका हायेत. सासऱ्याच्या हाताला सुनेचा हात लागू नये म्हणून ती पदरात घेती, तुझी बायको बी तसंच घेती. त्याला ते पटलं. पण पदरातले पैसे पुढं गेले कुठं, हे तू छातीठोक सांग, म्हणला. मला सांगता येईना. मंग त्यानं अण्णांना विचारून ठरवलं की रविवारी अण्णा येतील, संगं रुस्तुमकाका येतील, भावकीतली गोष्ट हाय तर थोरल्या माणसासमोरच काय तो निवाडा व्हईल.

मी त्या संध्याकाळी वहिनीच्या खोलीवर गेले. मुन्ना गाडी घेऊन परभणीकडं गेलेला. ती भाकरी थापत व्हती. मी तिला सगळं सांगितलं अन् विचारलं, काकांनी दिलेले पैसे गल्ल्यातच टाकले का. ती म्हणली, तिथंच टाकते, दुसरीकडं कुठं टाकणार? मी विचारलं, मोजून टाकते ना? तिचा थापता हात थांबला.

"मोठ्या माणसाचे पैसे त्यांच्या तोंडावर कसे मोजायचे, ताई? अविश्वास दाखवल्यावाणी न्हाई व्हत का?"

मंग हळूहळू सगळं निघालं. पहिल्यांदा कमी पडलं तवा तिला वाटलं की आपलंच चुकलं. दुसऱ्यांदा तिनं काका पायरी उतरल्यावर मोजून बघितलं, तर बिल वेगळं अन् पैसे वेगळे. तवापासून तिला ठाऊक व्हतं. अन् काकांना बी ठाऊक व्हतं की ही मोजत न्हाई, म्हणून माझ्या गल्ल्यावर एक माणूस नसलं तरी ते तिच्याच रांगेत उभे राहायचे. मला वाटायचं, सुनेची माया. वा रे माया.

मी म्हणलं, मंग सांगत काहून न्हाई? ती म्हणली, कोणाला सांगू अन् कोणत्या तोंडानं? सासऱ्याला चोर म्हणणारी सून कोण घरात ठेवंल? मी म्हणलं, न्हाई सांगितलं तर तुला चोरटी म्हणतील. तवा ती रडली. भाकरी तव्यावर करपली तरी तिचं ध्यान न्हाई. म्हणली, ताई, पगार कापला त्याचं काही न्हाई. पण गावात एकदा चोरटी नाव पडलं की हळदीकुंकवाला सुदीक कोणी बोलवत न्हाई, बायका घरात येताना भांडी आत नेतात. माझ्या मायला कळलं तर ती काय करंल? मला तिचा राग बी आला अन् मला बी रडू आलं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, अन् निवाड्याला चोरच बसवायचा, अशी तऱ्हा.

शनिवारी मी वहिनीला मागं साखरेच्या पुड्या बांधायला पाठवलं अन् तिची चावी घेऊन तिच्या गल्ल्यावर मी बसले. वर हिरवा दिवा चालू व्हता, म्हणजे अण्णा ओसरीवर हजर. जेवणाच्या टायमाला रुस्तुमकाका आले. तेलाचा डबा, साबण, चहापत्ती, सगळं काउंटरवर ठेवलं अन् मला बघून थबकले. सूनबाई कुठं गेली म्हणून विचारलं. मी म्हणलं, मागं हाय, या की काका, मी काही परकी न्हाई. त्यांनी इकडंतिकडं बघितलं. खिशातून काढलेली घडी परत ठेवता येईना. शेवटी ती माझ्या तळहातावर ठेवली अन् पिशवीला हात घातला.

मी घडी उलगडली अन् त्यांच्या तोंडासमोर, मोठ्यानं, एकेक नोट मोजली. बिल अकराशेचं. नोटा आठशेच्या.

काकांचं तोंड लाल झालं. "काकाचे पैसे मोजती तू?"

"काकाचे न्हाई मोजत, दुकानाचे मोजते."

मंग ते बोलले, अन् जे बोलले ते मला अजून टोचतं, कारण त्यातलं थोडं खरं हाय. म्हणले, हे दुकान कोणाच्या विहिरीच्या पिकावर उभं ऱ्हायलं ते बापाला विचार. वाटणीच्या टायमाला विहिरीकडचा तुकडा मी त्याला सोडला, तवा मी मोजलं न्हाई. भावाच्या घरातून मूठभर घेतलं तर ती काय चोरी झाली का? मी म्हणलं, मंग ते अण्णांना सांगून घ्या ना काका, त्या गरिबाच्या पोरीच्या पगारातून काहून घेता? काकांनी खिशात परत हात घातला. राहिलेले पैसे काउंटरवर फेकले अन् पिशवी उचलून चालू लागले.

मी वर कॅमेऱ्याकडं बघितलं अन् म्हणलं, अण्णा, बघितलं ना? ऐकलं ना? हिरवा दिवा चालू व्हता. वरून नुसती खरखर आली. थोड्या वेळानं दिवा बंद झाला.

त्या रात्री मला लई दिवसांनी नीट झोप लागली. मला वाटलं, आता रविवारी अण्णा येतील, वहिनीला दोन शब्द बोलतील, कापलेला पगार परत देतील, झालं. बावळटच मी. रविवारी कोणीच आलं न्हाई. दादाला फोन आला. तो बाहेर जाऊन बोलला अन् खाली बघतच परत आला. अण्णांचं म्हणणं आसं, की झालं गेलं, निवाडा-बिवाडा काही नको. थोरल्या भावाला ह्या वयात कोणत्या तोंडानं विचारू? अन् शिवकन्येला काही दिवस घरी राहू द्या, म्हणजे बोभाटा व्हणार न्हाई.

मी दादाला म्हणलं, आरे, आता ती घरी बसली की सगळं गाव म्हणंल की चोरी सापडली म्हणून काढली. बोभाटा नको तुमाला, का काकांचा बोभाटा नको? दादाला कळत व्हतं, पण अण्णांसमोर त्याची जीभ कधी उचललीच न्हाई. आपलेच दात अन् आपलेच ओठ, म्हणला. मी म्हणलं, ओठ तिचे अन् दात तुमचे.

दादानंच तिला सांगितलं. दुकानात दोन-चार गिऱ्हाइकं व्हती. वहिनीनं पदराआडून सगळं ऐकून घेतलं. पगाराचं विचारलं न्हाई, काकांचं नाव घेतलं न्हाई. एवढंच म्हणली की गल्ला मोजून देते अन् जाते.

तिनं बाजूला सारलेली खुर्ची ओढली, हातानं पुसली अन् तिच्यावर बसली. मंग पदर डोक्यावरून काढून खांद्यावर घेतला. मी तिचा भांग कितीक दिवसांनी बघत व्हते. तिनं मान वर केली अन् सरळ कॅमेऱ्यात बघितलं. हिरवा दिवा चालू व्हता.

"मामंजी, माझे हात आता दिसून ऱ्हायले ना? मोजून घ्या."

सात वर्सांत तिनं अण्णांना उद्देशून बोललेले हे पहिले शब्द. आवाज दुकानभर ऐकू गेला. मंग ती मोजू लागली. एकेक नोट उचलून कॅमेऱ्याला दाखवायची अन् काउंटरवर ठेवायची. दादा शेल्फातल्या बरण्या उगंच सरळ करू लागला.  मी मनात म्हणत व्हते, अण्णा, बोला, एकदा म्हणा की सूनबाई तुझी काही चूक न्हाई. एवढंच म्हणा. पैसे नका देऊ, काकाला नका विचारू, पण एवढं म्हणा.

अन् वरून आवाज आला. अण्णांचाच.

"सूनबाई, आधी पदर घे."

वहिनीचा हात एका नोटेवर थांबला. मला वाटलं, आता पदर घेती. तिनं घेतला न्हाई. ती नोट वर करून दाखवली, खाली ठेवली, अन् पुढची उचलली. शेवटपर्यंत मोजलं. पैशाला पैसा मिळाला. चावी त्याच्यावर ठेवली, मागच्या खोलीतून पर्स आणली अन् निघाली. वर बघितलं तर हिरवा दिवा कवाच बंद झालेला.

मी तिच्यामागं दारापर्यंत गेले. समोरच्या चहाच्या टपरीवर रुस्तुमकाका बाकड्यावर बसलेले व्हते, हातात कप. वहिनीच्या खोलीचा रस्ता त्यांच्यासमोरूनच जातो. ऊन व्हतं, गाड्यांची धूळ व्हती. तशा धुळीत कोणती बी बाई पदर घेती. ती बोडख्या डोक्यानं, मान ताठ ठेवून, त्यांच्या पुढ्यातून गेली. काकांनी खाकरून मान वळवली न्हाई. खाली कपात बघत ऱ्हायले, ती वळून दिसंनाशी होईपर्यंत.

संध्याकाळी अण्णांचा फोन मला आला. वहिनीचा विषय न्हाई, काकांचा न्हाई. उद्या दुसऱ्या गल्ल्यावर कोणाला बसवायचं, एवढंच विचारत व्हते.

मी म्हणलं, "रुस्तुमकाकाला बसवा, अण्णा. त्यांच्यासमोर पैसे मोजत न्हाईत आपल्यात, मंग कमी बी पडणार न्हाईत."